धुराच्या खोलीची भिंत

त्या वर्षी डोंगरावरचे गवत वेळेआधीच वाळले आणि वाऱ्याला काही धरबंद उरला नाही. सकाळी तो एका बाजूने येई, दुपारी चारही बाजूंनी. वणव्यावाचून आठवडा जाईना. गावातला बंब घंटा बडवीत बाहेर पडला की कुत्री त्याच्यामागे धावत सुटत, आणि काकी हातातले काम तसेच टाकून ओट्यावर येत नि धुराचा रंग पाहत. पांढरा असला तर गवत. पिवळट असला तर झाडी. काळा असला तर कोणाचे तरी छप्पर गेले. काळा दिसला की त्या आत जाऊन शेगडी विझवीत आणि बंबावर गेलेला मुलगा परत दिसेपर्यंत पुन्हा पेटवीत नसत. तोवर घरातल्यांनी उपाशी बसावे असा त्यांचा कायदा होता, आणि त्या घरात त्यांच्या कायद्यावर अपील नव्हते.

घर म्हणजे गावाबाहेरच्या प्रशिक्षण केंद्राच्या कुंपणाला टेकलेल्या, केंद्राच्याच मालकीच्या दोन खोल्या. बंबावर नोकरी करू पाहणारी आसपासच्या खेड्यांतली मुले-मुली या केंद्रात शिकत, आणि त्यांना शिकवीत काकींचे यजमान. त्यांना सारा गाव उस्ताद म्हणे. काकीसुद्धा चारचौघांत उस्तादच म्हणत. 'अहो' फक्त रागावल्या तर.

मैदानावर शिडी लावायला एक लोखंडी मनोरा होता, पाण्याचा हौद होता, ओल्या नळ्या वाळत टांगायला उंच खांब होता आणि पार टोकाला धुराची खोली होती. विटांची, बुटकी, पुढे एक दार, मागे एक दार. आत एक जड कपाट, एक खाट, एक टेबल. लोखंडी पिंपात ओले गवत आणि फाटकी पोती पेटवून खोली धुराने भरायची. मग मुलांनी तोंडावर मास्क चढवून, पाठीवर हवेची टाकी बांधून पुढच्या दाराने रांगत शिरायचे, आत पडलेला भुशाचा पुतळा शोधायचा आणि मागच्या दाराने ओढून बाहेर आणायचा. डोळ्यांचा काही उपयोग नाही. एक हात भिंतीवर, दुसरा जमिनीवर. भिंत सुटली की माणूस हरवला. शिकवणीच्या पुस्तकात एवढेच आहे.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट उस्ताद करीत. मागच्या दारापाशी बाहेर उभे राहून ते नळ्या जोडायचा पान्हा भिंतीवर वाजवीत. टक्, टक्. आतले पोर गडबडलेसे वाटले की पुन्हा टक्, टक्. फार वर्षांपूर्वी एक उमेदवार आत घाबरून उठून पळाला होता आणि चौकटीवर कपाळ फोडून घेऊन गेला तो या धंद्यात पुन्हा आला नाही. तेव्हापासूनची ही टकटक. ती कोणी शिकवली नाही आणि कोणी लपवलीही नाही. जुने पोर नव्या पोराच्या कानात सांगे, "आत गोंधळलास तर गप बसून राहा. उस्ताद बोलावतात." काकींना या गोष्टीचे मोठे कौतुक होते. पोटची आईसुद्धा इतकी काळजी घेत नाही, असे त्या बायकांना ऐकवीत.

वणव्यांच्या ऐन धामधुमीत वरून निरोप आला की केंद्राची तपासणी होणार.

तपासणी काही नवी नव्हती. दर वर्षी कोणी साहेब येई, चुन्याने रंगवलेले दगड पाही, घासून चकचकीत केलेल्या पितळी तोट्या पाही, चहा घेई, सही करी आणि उन्हे कलायच्या आत निघून जाई. उस्ताद त्यांना उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणत. अर्थात ते गेल्यावर.

"या खेपेला वेगळं आहे म्हणे," उस्ताद जेवताना म्हणाले. "कागद बघणार नाहीत. पोरं काम करताना बघणार. यंदा कुठंकुठं नवी शिकलेली पोरं आगीत भाजली, तेव्हा सरकारला जाग आली. ज्या केंद्राचं काम पसंत पडणार नाही त्याची मान्यता काढून घेणार."

"आणि मान्यता गेली तर?"

"तर केंद्राला कुलूप. आपल्यालाही बाडबिस्तरा गुंडाळावा लागेल." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण जायला काय झालंय? बघू दे की. डोळे दिपतील त्यांचे."

दुसऱ्या दिवसापासून काकींनी मैदानाचा ताबा घेतला. उस्ताद तुकडीला शिडीवर चढवीत-उतरवीत आणि शिडीवरून उतरलेले पोर काकींच्या तावडीत सापडे. कोणाच्या हाती चुन्याची बादली, कोणाच्या हाती राख आणि चिंधी. तुकडीत एक ताडमाड उंच मुलगा होता, त्याला सगळे लंबू म्हणत. तो ओणवा होऊन दगड रंगवीत होता.

"काकी, सरकार आम्हाला बघणार आहे की दगडांना?"

"तुला बघून काय मिळणार रे? दगड निदान ताठ उभा राहतो."

शेजारी शिंप्याची मुलगी तोटी घासत होती. ती इतकी हसली की राख तिच्या नाकात गेली. ही मुलगी लहानखुरी, पण खांद्यावर नळीचे भेंडोळे घेऊन मनोरा चढताना तिचा पाय कधी अडखळला नव्हता. काकींच्या मते त्या तुकडीत माणूस म्हणावे असे ते एकच होते. तिला हे त्यांनी अर्थातच कधी सांगितले नव्हते.

त्याच आठवड्यात बाजाराच्या बाजूला काळा धूर उठला.

काकींनी शेगडी विझवली. धूर सरळ वर जाईना. वारा त्याला दाबून गावावर पसरवीत होता. दुपार कलली तरी बंब परतला नाही. शेवटी मुलगा आला तो पायी आला. डाव्या हाताला पांढरी पट्टी, भुवया जळलेल्या, आणि अंगाला जळक्या गोणपाटाचा वास. त्याला मोरीत बसवून काकींनी डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली, जशा त्या तो लहान असताना ओतीत.

"हात कसा?"

"वरवरचा आहे. गोदामाचं दार तापलं होतं."

"ग्लोव्ह नव्हता?"

काळे पाणी नहाणीच्या भोकाकडे वाहत होते. काकींनी त्याची मान खाली दाबली आणि कानामागे चोळू लागल्या.

"आई, मी बसून राहिलो."

"दमला असशील."

"दमलो नव्हतो. गोदामात शिरलो, गोण्यांच्या थप्प्यांमध्ये वाट चुकली, भिंत सुटली. आणि मी खाली बसलो. गप्प. बराच वेळ. शेवटी बरोबरच्या ड्रायव्हरनं आत येऊन कॉलरला धरून ओढलं मला. बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर विचारतो, काय रे, झोप लागली होती का?"

"मग कशासाठी बसलास?"

मुलाने उजवा हात वर केला आणि मोरीच्या कठड्यावर बोटाच्या पेराने वाजवले. टक्, टक्.

"याची वाट बघत होतो," तो म्हणाला.

काकींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यांनी उरलेले पाणी त्याच्या डोक्यावर ओतले, जरा जोरानेच, आणि टॉवेल त्याच्या अंगावर टाकून आत गेल्या.

उरलेला दिवस त्यांना काही सुचेना. डाळ निवडायला बसल्या, उठल्या. नळ्यांच्या खांबाकडे गेल्या, परत आल्या. उस्ताद हौदावर पंपाशी झटत होते. हौदाचे पाणी तळाला गेले होते आणि पंप नुसती हवा ओढीत होता. काकी तिथेच जाऊन उभ्या राहिल्या आणि मोरीत ऐकलेले सगळे सांगून मोकळ्या झाल्या.

"अहो, ती टकटक बंद करा."

उस्तादांनी मान वर केली नाही. "पोरगा भ्याला. भितात पोरं. पहिल्या मोठ्या आगीत मीही भ्यालो होतो. त्याची भीती माझ्या माथी मारू नकोस."

"तो भ्याला नाही. भ्याला असता तर पळाला असता. तो बसला. शहाण्या मुलासारखा बसला, तुम्ही शिकवलंत तसा."

"मी कोणाला बसायला शिकवलं नाही."

"बोलावणाऱ्याची सवय लावली की बसणं आपोआप येतं."

"बरं, मग काय करू?" पंपाची दांडी त्यांनी आपटली. "तपासणी तोंडावर आली असताना पोरांना सांगू, की उद्यापासून तुमचं तुम्ही बघा? एकानं आत कपाळ फोडून घेतलं की झालं! मान्यता जाईल, घर जाईल. तपासणी होऊ दे. मग बघू."

'मग बघू' हे शब्द त्या घरात काकींच्या परवानगीशिवाय कोणी उच्चारीत नसे. पण त्या वेळी काकी तशाच माघारी फिरल्या. कारण घराची भीती त्यांना होती, नव्हती असे नव्हे. त्या दोन खोल्यांची जमीन त्यांनी स्वतःच्या हातांनी चोपली होती.

दुसऱ्या दिवशी नळ्या धुताना त्यांनी शिंप्याच्या मुलीला गाठले. दोघी नळीच्या दोन टोकांना उभ्या राहून चिखल निपटून काढीत होत्या.

"काय गं, धुराच्या खोलीत उस्तादांनी वाजवलंच नाही तर तू काय करशील?"

मुलगी हसली. "काहीतरीच काय काकी! ते वाजवणार नाहीत असं कसं होईल?"

"समज नाहीच वाजवलं."

मुलीने विचार केला. खरोखरच केला, कारण तिचे हात थांबले. "मग वाजवतील तोवर थांबेन," ती म्हणाली.

इतक्या तरतरीत पोरीने इतक्या सरळपणे दिलेले ते उत्तर ऐकून काकींनी हातातले नळीचे टोक खाली ठेवले. तुकडीला महिनाअखेर निरनिराळ्या गावांच्या बंबांवर धाडायचे होते. डोंगर तर रोज पेटत होते.

तपासणीला ज्या बाई आल्या त्यांना पाहताच काकींनी एक गोष्ट टिपली, ती म्हणजे त्यांचे बूट. टाचेला झिजलेले, बोटांशी भाजून सुरकुतलेले, पुष्कळदा पॉलिश करूनही न लपलेले. टेबलामागे बसून राहणाऱ्या माणसाचे असे बूट नसतात. बाई थोराड होत्या, बोलायला मोजक्या. सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले. चहा पुढे आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी काम, मग चहा. आधी चहा घेतला की माणूस मऊ पडतो." रंगवलेल्या दगडांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. लंबूने काकींकडे पाहिले. काकींनी डोळे वटारले.

नळ्यांची कवायत झाली. मुलांनी भेंडोळी उलगडली, जोडली, पाणी सोडले; कुठे गळती नाही की गोंधळ नाही. शिडी झाली. शिंप्याची मुलगी लंबूला खांद्यावर टाकून मनोऱ्यावरून खाली आली, तेव्हा मॅडमच्या तोंडून "वा!" निघाले आणि उस्तादांची छाती रुंद झाली. वारा मात्र सारखा फिरत होता. पिंपातल्या गवताचा धूर कधी खोलीत शिरे, कधी माणसांच्या डोळ्यांत.

मग धुराच्या खोलीची पाळी आली. निम्मी तुकडी मास्क चढवून ओळीने पुढच्या दाराने रांगत आत गेली. सगळ्यांत पुढे शिंप्याची मुलगी, मागे लंबू. दार लोटले गेले. मॅडम पुढच्या बाजूला उभ्या राहून फटीतून येणारा धूर पाहत होत्या. उस्ताद हळूच मागच्या दाराकडे सरकले. पान्हा त्यांच्या खिशात होता. काकी पाण्याची बादली घेऊन तिथे आधीच उभ्या होत्या.

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिले, पान्हा काढला आणि हात उचलला.

काकींनी त्यांचे मनगट धरले.

संसाराच्या इतक्या वर्षांत चारचौघांच्या देखत त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. उस्तादांना आधी कळलेच नाही. मग त्यांनी हिसका दिला. काकींची पकड नळ्या पिळून पिळून घट्ट झालेली होती.

"सोड."

"नाही."

"आत पोरं आहेत!"

"म्हणूनच."

"वेडी झालीस का? घर जाईल आपलं!"

"जाऊ दे," काकी म्हणाल्या. "लोकांच्या लेकरांना पुरून त्यावर घर नको मला."

दोघेही म्हातारपणाकडे झुकलेले, भिंतीला टेकून एकमेकांना रेटत होते आणि आवाज मात्र कोणीच करीत नव्हते. आत प्रथम सरपटण्याचा आवाज येत होता, मग टेबलाला काहीतरी धडकले, मग काहीच नाही. खोली अशी शांत झाली की पिंपातले गवत चरचरताना ऐकू येत होते.

"थांबले का सगळे?" पुढून मॅडमचा आवाज आला. "उस्ताद? काय चाललंय आत?"

तेवढ्यात आत बारीक शिट्टी सुरू झाली. कोणाच्या तरी टाकीतली हवा संपत आल्याची ती खूण. उस्तादांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी काकींकडे असे पाहिले की पुढे कित्येक दिवस काकींना ती नजर आठवली की जेवण जात नसे. पण मनगट काकींनी सोडले नाही. मॅडमनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. शेजारचा मास्क ओढून तोंडावर लावला आणि झिजलेल्या बुटांनिशी त्या आत शिरल्या.

एकेक करून त्यांनी सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर ढकलले. कोणाला काही झाले नव्हते. त्या सांगत होत्या, पोरे भिंतीला पाठ लावून ओळीने बसली होती, धर्मशाळेत बसावीत तशी. पुतळा त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

लंबूने मास्क काढला, खोकला, आणि भाबडेपणाने सगळ्यांच्या देखत विचारले, "उस्ताद, आज वाजवलं नाहीत?"

उस्तादांच्या हातात अजून पान्हा होता.

मॅडमनी पान्ह्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. मागच्या दाराजवळच्या विटेवर वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी खळगा पडला होता. त्यांनी त्यात अंगठा घालून पाहिला. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

चहा मग झाला. मॅडम काकींच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

"दोष एकट्या तुमचा नाही, उस्ताद. इतकी वर्षं आम्ही यायचो आणि तोट्या बघून जायचो. एकानंही मागच्या दाराशी येऊन पाहिलं नाही. ते मी माझ्या वरिष्ठांना तोंडावर सांगणार आहे. पण ही तुकडी मी कुठल्याही बंबावर जाऊ देणार नाही. इथून आजवर शिकून गेलेल्या प्रत्येकाला परत बोलावून शिकवावं लागेल."

दाराशी उभ्या असलेल्या मुलाने पट्टीचा हात पाठीमागे नेला.

"आणि केंद्र?" उस्तादांनी विचारले.

"मान्यता आज थांबली. काढली नाही, थांबली. कुणी शिकवायचं, हा प्रश्न आहे. मी पुन्हा येईन. खोलीतलं सामान हलवलेलं असेल आणि तुम्ही स्वतः आत जाल. बाहेरून कुणाचाही आवाज येणार नाही. तुम्ही बाहेर आलात तर शिकवा. नाहीतर दुसरा माणूस बघू, नाही मिळाला तर कुलूप."

"मी?" उस्तादांचा आवाज चिरकला. "अहो, त्या खोलीची वीट अन् वीट मला पाठ आहे!"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस काकींनी कसे काढले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. उस्ताद बोलत नव्हते. ताटावर बसत, जेवत, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवीत. हे शेवटचे तर काकींना शिवीहूनही लागे. जाता-येता ते भिंतीला खेटून चालत, जणू घर परक्याचे आहे. बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. नाक्यावरचा चहावाला उस्तादांना पाहताच टेबलावर चमचा वाजवी. "काय उस्ताद, इकडे या, इकडे! वाट सापडते ना?" बाकावरची माणसे हसत. एकेकाळी याच बाकावर उस्तादांना बसायला जागा करून देत. एके दिवशी ते हातातली साखरेची पिशवी तिथेच ठेवून परत आले. काकींनी साखर कुठे म्हणून विचारले नाही.

तुकडी रिकामी बसून होती. पाणी नव्हते म्हणून नळ्यांची कवायत बंद. मुले सावलीसाठी मनोऱ्याच्या पायथ्याशी सरकत राहत. डोंगरावर धूर उठला की सगळी उभी राहत आणि कोणी बोलावणार नाही हे आठवून पुन्हा बसत. एकदा शिंप्याची मुलगी काकींजवळ येऊन म्हणाली, "काकी, तुम्ही हात धरला नसता तर मी आज नोकरीवर असते."

"हो."

"बाबा म्हणतात, म्हातारीनं पोरीच्या ताटात माती कालवली."

"खरं आहे," काकी म्हणाल्या. "तुझ्या बाबाला म्हणावं, येऊन तोंडावर सांग. आणि ते नळीचं टोक धर, पीळ बसलाय."

मुलीने टोक धरले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी खरंच किती वेळ बसले असते, कोण जाणे."

डोंगराच्या कुशीतले एक दाट बन त्या दुपारी पेटले. पिवळा धूर, मग काळा. उस्ताद ओट्यावर उभे राहून पाहत होते. काकींनी नेहमीप्रमाणे आत जाऊन शेगडी विझवली, आणि मग लक्षात आले की मुलगा हाताच्या पट्टीमुळे घरातच आहे. त्या तशाच शेगडीपुढे बसून राहिल्या. बाहेर उस्ताद कोणाशी तरी बोलत होते. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून त्यांनी कान टवकारले.

"ते कपाट जड आहे," उस्ताद मुलाला सांगत होते. "एकट्यानं हलवायला जाऊ नकोस. त्या लांबड्याला घे बरोबर. आणि कुठं ठेवलं ते मला सांगायचं नाही."

मॅडम आल्या त्या दिवशी वारा पडला होता, आणि धूर खोलीच्या फटींतून निघून जमिनीवरच लोळत होता. चहावाल्यासह अर्धा गाव कुंपणाशी जमला होता. आत काय कुठे ठेवले हे मुलगा, लंबू आणि मॅडम यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. उस्तादांनी स्वतःची टाकी स्वतः तपासली, मास्कचे पट्टे ओढले, आणि ते मॅडमना म्हणाले, "मागच्या दाराशी हिला उभी करा. पोराचा हात शिवशिवेल. हिचा नाही."

काकी भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. उस्ताद गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले, कुंपणापर्यंत ऐकू गेले असावेत. दार लोटले गेले.

विटांच्या पलीकडून तळव्याचा घासत जाणारा आवाज येऊ लागला. सुरुवातीला तो वेगात होता, ओळखीच्या वाटेने जाणाऱ्या माणसासारखा. मग धाडकन कपाट लागले. जिथे नसायला हवे होते तिथे. आवाज थांबला, मागे फिरला, खाटेला अडला, पुन्हा फिरला. काकींना कळत होते की त्यांनी भिंत सोडली आहे. खोलीच्या मधोमध कुठेतरी ते चाचपडत होते. टाकी कशाला तरी आपटत होती. पुढे तर काहीच ऐकू येईना.

बसले, काकींच्या मनात आले. हेही बसले.

आणि आतून आवाज आला. टक्, टक्. विटेवर नव्हे, लाकडावर. खाटेच्या पायावर असावा, बोटाच्या पेराने वाजवलेला. आयुष्यभर बाहेरून हाक देणारा माणूस आतून हाक मारीत होता. थांबून पुन्हा, जरा हळू. टक्, टक्. घरात काकींना झोपेतून उठवायला ते दारावर असेच वाजवीत.

मॅडम कोपऱ्याशी उभ्या राहून काकींकडे पाहत होत्या. काकींनी दोन्ही हात काखेत घातले आणि आवळून धरले. भिंत वीतभर अंतरावर होती. टाकीत अजून हवा होती, शिट्टी झाली नव्हती. शिट्टी झाली तर मॅडम जातील. हे सगळे त्या मनाशी पुन्हा पुन्हा घोकत होत्या. हाक तिसऱ्यांदा आली. त्यांनी डोळे मिटले आणि उत्तर दिले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडे काहीतरी सरकले. जमिनीवरून हात फिरवीत कोणी एका रेषेत येत होते. चुकत, थांबत, पण एकाच रेषेत. तळवा विटेला टेकला तो काकींच्या कमरेच्या उंचीवर, भिंतीच्या अगदी पलीकडे. तिथून तो आवाज दारापासून दूर जाऊ लागला. चुकीच्या बाजूला. काकींनी तोही जाऊ दिला. तो सगळ्या खोलीला वळसा घालून, पुतळ्याला घेऊन, दुसऱ्या अंगाने आला. मागचे दार उघडले तेव्हा आधी धूर आला, मग पुतळ्याचे पाय, मग उस्ताद.

शिट्टी नुकतीच सुरू झाली होती.

त्यांनी मास्क उपसून काढला आणि जमिनीवर बसकण मारली. चेहरा घामाने निथळत होता, कपाळावर कपाटाचा कोपरा उमटला होता. मुले धावली, मॅडमनी हाताने त्यांना मागे थोपवले. काकींनी पाण्याचा पेला पुढे केला. उस्तादांनी तो एका दमात संपवला.

"मी वाजवलं होतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ऐकू आलं नाही?"

"आलं की."

"मग?"

"मग काय? ऐकलं."

उस्तादांनी पेला काकींच्या हातात परत दिला आणि त्यांच्याच खांद्यावर हात टेकून ते उठले. मॅडम काहीतरी बोलायला पुढे आल्या होत्या. पण त्यांच्याही आधी उस्तादांनी मुलाला हाक मारली. "चल रे. मास्क घे. पहिला तू."

मुलगा पुढे झाला. पट्टीचा हात त्याने मोकळा केला होता. पुतळा परत आत नेऊन टाकला गेला, पिंपात ओले गवत पडले, आणि तो पुढच्या दाराशी गुडघे टेकणार तोच उस्ताद ओरडले, "थांब! आधी सगळं सामान पुन्हा हलवा. मीही बघणार नाही, आणि याला तर लांब उभा करा. मघापासून कान लावून ऐकत होता बेटा, मी कुठं कुठं आपटलो ते."

लंबू आणि शिंप्याची मुलगी आत शिरली. कपाट ओढल्याचा आवाज मैदानभर घुमला, आणि उस्ताद भिंतीकडे पाठ करून पार मनोऱ्यापर्यंत चालत गेले.